कोल्हापूरचा रस्सा आणि गंगाराम कांबळे यांचा चहा

चटणीचे दिवस आलेत. कुणाच्या अंगणात मिरच्या वाळत असतील, कुणी देठं काढत बसली असेल, कुणाचा डंकावर नंबर लागला असेल. हात रिकामे नसतील, पण कान मोकळे असतील. म्हणून आज आमच्या गटानं खाण्याचाच विषय घेतलाय. कोल्हापूर शहराच्या रस्त्यावर जे खाणं मिळतं, ते आलं कुठून आणि ते एकत्र बसून खायला माणसं शिकली कशी, ही आजची गोष्ट.

हा विषय आम्हाला सुचला त्याला एक कारण घडलं. ते आधी सांगतो, कारण ते लपवून इतिहास सांगितला तर खोटं होईल.

मागं एका विक्री मेळाव्यात आमच्या गटानं स्टॉल लावला होता. एका बाजूला कांदा-लसूण चटणीची पाकिटं आणि भडंग. दुसऱ्या बाजूला गरम मिसळ. चटणी भराभर खपत होती. मिसळीकडंही लोक येत होते. तेवढ्यात आमच्या भागातल्या, चांगल्या ओळखीच्या दोघी-तिघी आल्या. त्यांनी चटणीची पाकिटं घेतली. मिसळीच्या पातेल्याकडं बघून एकीनं हळूच विचारलं, "कट कुणी केलाय?" आम्ही नाव सांगितलं. आमच्याच गटातली बाई. हाताला चव अशी की गावात कुठंही कार्य असलं तर तिलाच विचारून मीठ टाकावं. पण तिचं घर गावाच्या कोणत्या बाजूला आहे, हे त्या बायांना माहीत होतं. "आज उपास आहे," असं म्हणून त्या गेल्या. थोड्या वेळानं त्याच पलीकडच्या स्टॉलवर वडा खाताना दिसल्या.

संध्याकाळी कट निम्मा शिल्लक होता. ती बाई पातेलं घासत होती. आम्ही बाकीच्या हिशोब करत होतो. कुणी काही बोललं नाही. आम्हीपण नाही. ते गप्प राहणं आम्हाला लागून राहिलं. कोरडी चटणी चालते आणि ओला कट चालत नाही, हा नियम आला कुठून? मग आम्ही कोल्हापूरच्या खाण्याचा माग काढायला बसलो.

आधी मिरचीचंच बघू. कोल्हापूर म्हटलं की जगाला तिखट आठवतं. पण मिरची आपल्या मातीतली नाही. ती मूळची समुद्रापलीकडची, मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडची. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० साली. त्याआधी आपल्याकडं तिखटपणा यायचा तो मिरीनं. म्हणून तर या नव्या पाहुणीचं नावही मिरीवरून पडलं, मिरची. बटाटा त्याच वाटेनं आला, त्याचं नावसुद्धा पोर्तुगीजच. शेंगदाणा आणि टोमॅटोही मूळचे तिकडचेच. पाव हा शब्दही पोर्तुगीज. आता एक मिसळीची ताटली डोळ्यांपुढं आणा. कटातली मिरची, वरचे शेंगदाणे, खालचा बटाटा, बाजूचा पाव. सगळी परमुलखातली. मटकी आणि कांदा तेवढा जुना, घरचा.

बरं, आजची मिरचीही सगळी कोल्हापूरची नसते. रंगाला आपण ब्याडगी वापरतो, ती कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीच्या नावाची. तिखटपणाला संकेश्वरी, ते संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात, आपल्या गडहिंग्लजच्या शेजारी. खोबरं दक्षिणेकडून येतं. म्हणजे आपण जिला 'कोल्हापुरी' म्हणतो ती चटणी अनेक मुलखांचं सामान एकत्र करून झालेली आहे. तिला कोल्हापुरी केलं ते बायकांच्या हातांनी. मिरची किती वाळवायची, धणे-तीळ-खोबरं किती भाजायचं, कांदा तळून किती कोरडा करायचा, लसूण कधी घालायचा, मीठ किती, हे कुठल्या राजाच्या दप्तरात लिहिलेलं नव्हतं. ते उखळाजवळ सासूनं सुनेला सांगितलं, जावेनं जावेला सांगितलं. पुढं उखळ-मुसळ जाऊन डंक आला, पण प्रमाण तेच राहिलं.

तांबडा आणि पांढरा रस्साही याच हातांचा. मटण हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवलं की जे पाणी उरतं त्याला आपण अळणी म्हणतो. त्या एकाच अळणीच्या दोन वाटा होतात. नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू यांची वाट धरली की पांढरा. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि चटणी घातली की तांबडा. आज शहरातल्या खानावळी याच दोन वाट्यांवर नाव कमावतात. पण त्यात काटकसरही आहे. मटण थोडं आणि माणसं जास्त असली, तरी रस्सा सगळ्यांना पुरतो. घरात पाहुणे वाढले की अळणीत तांब्याभर पाणी वाढवणारी बाई आपल्यापैकी प्रत्येकीनं पाहिली आहे.

आता रस्त्यावर येऊ. बाहेर खाणं ही आपल्या आज्या-पणज्यांना सवयीची गोष्ट नव्हती. माणूस बाजाराला निघाला, देवाला निघाला की घरातून शिदोरी बांधून निघायचा. त्या शिदोरीचाही नियम होता. दशमी तुम्हाला माहीत आहे. तिचं पीठ पाण्यात न मळता दुधात मळायचं. पाण्यात शिजलेलं अन्न लवकर विटाळतं, दुधातलं आणि तळलेलं विटाळत नाही, अशी समजूत होती. बाजारात विकत घ्यायचं तर चिरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ. सगळं कोरडं. कोरडं कुणाच्याही हातचं चालायचं. भात, आमटी, भाकरी, पाणी मात्र हात बघून.

आम्ही ज्या नियमाचा माग काढत होतो तो इथं सापडला. त्या मेळाव्यातल्या बायांनी तो कुठं वाचला नव्हता. तो त्यांच्या आजीकडून आला होता. आमच्या आजीकडून आमच्याकडंही आलाच आहे.

पण या नियमात भोकं किती आहेत ते बघा. आपल्या गुळाचं घ्या. गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत उकळतो. रस ओलाच असतो. कुणी ऊस तोडतं, कुणी चरकात घालतं, कुणी चुलवाणाला जाळ घालतं, गुळव्या पाक बघतो, मग तो वाफ्यात ओततात. किती जातींचे, किती गावांचे हात लागतात. तोच गूळ पुढं देवाच्या नैवेद्यात जातो. तिथं कुणी हात विचारत नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे त्या नावावर या भागाचा हक्क कायद्यानं मान्य झाला. त्या मानात काहिलीजवळच्या प्रत्येक हाताचा वाटा आहे.

या गुळानंच कोल्हापूरला बाजाराचं मोठं गाव केलं. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. १८९४ साली राजर्षी शाहू महाराजांच्या हाती कारभार आला आणि पुढच्याच वर्षी, १८९५ साली, त्यांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. गुळाच्या गाड्या तिथं लागू लागल्या. गाडीवान, हमाल, दलाल, तोलणारे, सगळे दिवसभर घराबाहेर. वसतिगृहं निघाली. १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी सोय होत गेली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. खेड्यातली पोरं शहरात राहू लागली. १९१२ साली खासबागेचं कुस्तीचं मैदान बांधून झालं. पैलवान आले, कुस्त्या बघायला हजारो माणसं आली. एवढ्या माणसांची शिदोरी घरून येणं शक्य नव्हतं. बाहेर खाण्याची गरज अशी वाढत गेली.

आणि चहा आला. चहाबरोबर हॉटेल आलं. चहा ओला असतो, पाण्यात उकळलेला असतो, आणि दुसऱ्यानं तोंड लावलेल्या कपातून प्यायचा असतो. म्हणजे जुना नियम इथं सगळ्या बाजूंनी मोडायला निघाला. लोकांनी त्यावर तोड काढली. काही माणसांसाठी वेगळी कपबशी. बाहेर कोनाड्यात ठेवायची, ज्याची त्यानं विसळायची, चहा वरून ओतायचा. ही वेगळी कपबशी आमच्यातल्या वयस्क बायांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे.

इथं आपल्या गोष्टीत गंगाराम कांबळे येतात. ही १९२० च्या आसपासची हकिकत आहे. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. अस्पृश्य मानलेल्या समाजातले. पागेतल्या वरच्या जातीच्या लोकांसाठी राखलेल्या हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराज त्या वेळी कोल्हापुरात नव्हते. परत आल्यावर गंगाराम यांनी आपली पाठ त्यांना दाखवली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण गंगाराम यांना सांगितलं की आता नोकरी सोड आणि स्वतःचा धंदा काढ.

गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. नाव ठेवलं 'सत्यसुधारक'. दुकान स्वच्छ, चहा चांगला, पण गिऱ्हाईक येईना. चहा कुणाच्या हातचा आहे, हे सगळ्या पेठेला माहीत होतं. आमच्या मिसळीचं झालं तेच, शंभर वर्षं आधी.

महाराजांच्या कानावर ते गेलं. मग त्यांची गाडी त्या रस्त्यानं निघाली की हॉटेलासमोर थांबायची. महाराज चहा मागवायचे आणि लोकांच्या देखत प्यायचे. गाडीत सोबत असलेल्या मानकऱ्यांनाही पाजायचे. राजानंच प्यायल्यावर बाकीच्यांना नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. हळूहळू गिऱ्हाईक येऊ लागलं.

आम्ही ही गोष्ट गटात वाचली तेव्हा एकीनं विचारलं, "महाराजांनी नुसता हुकूम का नाही काढला?" चांगला प्रश्न आहे. त्यांनी हुकूमही काढले. १९१९ साली कोल्हापूर संस्थानात सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, सरकारी कचेऱ्या इथं शिवाशिव पाळू नये, असे हुकूम निघाले. पण हुकमानं दार उघडतं, कप तोंडाला लावायला लागत नाही. तो स्वतः उचलूनच दाखवावा लागतो. महाराजांनी दोन्ही केलं. १९२० च्या मार्च महिन्यात आपल्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. महाराज तिथं स्वतः गेले आणि या तरुण माणसाच्या रूपानं तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, अशा अर्थाचं बोलले.

६ मे १९२२ ला महाराज गेले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९२५ साली, गंगाराम कांबळे यांनी पुढाकार घेऊन कोल्हापुरात नर्सरी बागेत महाराजांचं स्मारक उभं केलं. पाठीवर वळ घेऊन ज्यानं चहाचं दुकान घातलं, त्यानं पुढाकार घेऊन राजाची आठवण उभी केली. पुढं बाबासाहेबांच्या देखरेखीखाली संविधान लिहिलं गेलं आणि २६ जानेवारी १९५० पासून लागू झालं. त्याच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावं घेऊन लिहिलंय की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून तिथं कुणाला अडवता येणार नाही. सतराव्या कलमानं अस्पृश्यता बंद केली. १९५५ साली ती पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा झाला. देशाच्या एवढ्या मोठ्या पुस्तकात हॉटेलाची नोंद का करावी लागली, हे गंगाराम यांच्या चहावरून कळतं.

त्या कलमात 'लिंग' हाही शब्द आहे, तो आपल्यासाठी. कारण हॉटेलात बसण्याची जागा बाईलाही सहज मिळाली नाही. ज्या चटणीवर मिसळ उभी, ती कुटणारी बाई बाकड्यावर बसून मिसळ खायची नाही. जुन्या हॉटेलांत पडदा लावलेली 'फॅमिली रूम' असायची, तीही घरचा पुरुष सोबत असला तर. एकटी बाई हॉटेलात गेली तर चार डोळे वळायचे. आमच्यातल्या कितीतरी जणींनी पहिली मिसळ बाहेर बसून खाल्ली ती बचत गटाच्या कामानं बँकेत गेल्यावर. चौघी होतो म्हणून धीर झाला.

आज कोल्हापुरात सकाळी फिरा. मिसळीच्या दुकानापुढं रांग असते. मटकीवर शेव-चिवडा, वरून लालभडक कट, बाजूला पावाच्या स्लाइस. पुण्या-मुंबईकडं पाव मिळतो, इथं स्लाइस. कट संपला की परत मागायचा, ही इथली रीत. संध्याकाळी खासबागेजवळ भेळेच्या गाड्या. तिथंच लोखंडी तव्यावर दावणगिरी लोणी डोसा, कर्नाटकातून आला आणि इथलाच झाला. कुठं रक्ती-मुंडीची गाडी. रात्री गंगावेशीत दूध कट्टा, म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात. पैलवानांच्या खुराकाच्या गावाला ते शोभतं. आणि पन्हाळ्यावर गेलात तर आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या बाया झुणका-भाकरी, खर्डा आणि मडक्यातलं दही घेऊन बसलेल्या दिसतील. भाकरी ओली, झुणका ओला, दही ओलं. मोटारीतून उतरलेली माणसं बोटं चाटून खातात. बाई कुठल्या आळीची, हे विचारत नाहीत. कारण त्यांना माहीतच नसतं.

शहरात ओळख नसते म्हणून तिथं प्रश्न येत नाही. गावात ओळख असते म्हणून येतो. गावातल्या शाळेत पोषण आहार शिजवायला कुणाला लावायचं, गटाच्या कॅन्टीनचं काम कुणाला द्यायचं, तिथं हा प्रश्न कुणी तोंडानं काढत नाही, पण मनात असतो. आमच्या गटातसुद्धा होता. वही काढून बघितलं तेव्हा कळलं. चटणीच्या हंगामात त्या बाईला आम्ही नेहमी मिरच्यांचे देठ काढायला आणि पाकिटं भरायला ठेवत होतो. कांदा तळायला दुसऱ्या. कट तिच्याकडं दिला तो त्या दिवशी दुसरी आजारी होती म्हणून. हे आम्ही कुणी ठरवलं नव्हतं. ते तसंच होत आलं होतं. आणि मेळाव्यातल्या बायांना आम्ही मनात नावं ठेवत होतो.

मग आम्ही दोन गोष्टी केल्या. कामाच्या पाळ्या लावल्या. देठ, भाजणं, तळणं, कुटणं, शिजवणं, पैसे घेणं, सगळं प्रत्येकीकडं आळीपाळीनं. आणि पुढच्या स्टॉलच्या वेळी कट त्याच बाईनं केला. विक्री सुरू करण्याआधी आम्ही सगळ्या स्टॉलपुढं, रस्त्याकडं तोंड करून बसलो आणि तिच्या हातची मिसळ खाल्ली. महाराजांची गाडी आमच्याकडं नव्हती. आठ ताटल्या होत्या.

त्या दिवशी सगळा कट संपला का? नाही. थोडा उरला. काही माणसं बघून पुढं गेली. पण मागच्या वेळच्या त्या दोघी-तिघींपैकी एक आली. तिनं आमच्याकडं बघितलं नाही. ताटली घेतली, उभ्यानंच खाल्ली आणि जाताना म्हणाली, "मीठ बरोबर आहे." पातेल्याजवळ उभ्या असलेल्या आमच्या मैत्रिणीनं तिला परत कट वाढला.

तर मैत्रिणींनो, ही चटणी कुटून झाली की एका संध्याकाळी तुमच्याही गटाची वही काढा. कोरडं काम कुणाकडं आहे आणि ओलं कुणाकडं, ते बघा. जे दिसेल ते एकमेकींशी बोला. आणि गंगाराम कांबळे यांची गोष्ट आपल्या मुलांना सांगा, चहा पिता पिता सांगा.

पुढच्या वेळी भेटू. तोवर डंकाजवळ पदर सांभाळा, आणि चटणीच्या बरणीत हिंगाचा खडा टाकायला विसरू नका. नमस्कार.